चार सोंगट्यांचं कोडं : डावाच्या शेवटाचा विचार कसा करावा

(गडब, ता. पेण येथे झालेल्या व्याख्यानाचं शब्दांकन. बोलीतली वाक्यं शक्यतो तशीच ठेवली आहेत. वाचताना समोर बुद्धिबळाचा पट मांडून घेतला तर चाली समजायला सोपं जाईल.)



आजचा विषय छोटा आहे. पटावर फक्त चार सोंगट्या आहेत. दोन राजे, एक हत्ती, एक प्यादं. बत्तीस सोंगट्यांनी सुरू झालेला डाव चारवर आला की बघणाऱ्याला वाटतं, आता काय उरलंय? उठा, हात मिळवा, घरी चला. माझं म्हणणं असं की खरा हिशोब इथेच सुरू होतो.

तुम्ही पेण तालुक्यातली माणसं आहात, म्हणून तुमच्याच ओळखीचं उदाहरण देतो. गणपतीच्या कारखान्यात मूर्ती साच्यातून निघते, वाळते, घासली जाते, रंग लागतो. शेवटी राहते डोळ्यांची आखणी. काम केवढं? दोन डोळे. पण ते काम कुणाच्याही हातात देत नाहीत. रंग वर-खाली झाला तर पुन्हा मारता येतो, डोळा चुकला तर मूर्तीचा भावच जातो. बुद्धिबळातला शेवट, ज्याला आपण सर्रास एंडगेम म्हणतो, तो असा आखणीचा भाग आहे. सोंगट्या भरपूर असतात तेव्हा एखादी ढिली चाल खपून जाते. चार उरल्या की एका घराची चूक म्हणजे जिंकलेला डाव बरोबरीत, किंवा बरोबरीचा डाव हातातून गेला.

हे काही पुस्तकी बोलणं नाही. २०२५ च्या जुलैमध्ये जॉर्जियात बाटुमी इथे महिलांच्या विश्वचषकाचा अंतिम सामना झाला. एका बाजूला कोनेरू हम्पी, दुसऱ्या बाजूला आपल्या नागपूरची दिव्या देशमुख, वय वर्षं १९. नेहमीच्या वेळेचे दोन्ही डाव बरोबरीत सुटले. २८ जुलैला जलद डाव झाले. पहिला पुन्हा बरोबरीत. दुसरा लांबत लांबत गेला, सोंगट्या कमी झाल्या, घड्याळ पळत होतं, आणि त्या अवस्थेत निकाल लागला. दिव्या दीड विरुद्ध अर्ध्या गुणाने जिंकली आणि त्या विजयाबरोबर भारताची ८८ वी ग्रँडमास्टर झाली. म्हणजे विश्वचषक आणि किताब, दोन्ही एका डावाच्या शेपटाला बांधलेले होते.

महाराष्ट्राला या खेळाची परंपरा जुनी आहे. १९५५ मध्ये एलुरूला पहिली राष्ट्रीय स्पर्धा झाली तेव्हा संयुक्त विजेत्यांमध्ये आपले रामचंद्र सप्रे होते. खाडिलकर भगिनी तर सगळ्यांना ठाऊक आहेत. रोहिणी खाडिलकर १९८१ मध्ये आशियाई विजेत्या झाल्या. सांगलीत भाऊसाहेब पडसलगीकरांनी नूतन बुद्धिबळ मंडळ उभं केलं. प्रवीण ठिपसे १९९७ मध्ये ग्रँडमास्टर झाले, भारतातले तिसरे. ही नावं का घेतली? तर तुमच्या मुलांनी 'हे आपल्याकडचं नाही' असं म्हणू नये म्हणून. बस, आता पटाकडे वळू.

स्थिती

पटाच्या उभ्या पट्ट्यांना डावीकडून ए, बी, सी, डी, ई, एफ, जी, एच म्हणायचं. आडव्या रांगांना खालून वर १ ते ८. पांढरा खालून वर चालतो.

मांडा: पांढरा राजा बी-६ वर. पांढरं प्यादं सी-६ वर. काळा राजा अगदी खालच्या कोपऱ्यात, ए-१ वर. काळा हत्ती डी-५ वर. चाल पांढऱ्याची आहे. प्रश्न: पांढरा जिंकतो का?

घाई करू नका. आधी नुसतं बघा. कोण काय करू पाहतंय?

पांढऱ्याला प्यादं सी-८ पर्यंत न्यायचंय, दोन घरं राहिलीत. काळ्याला ते अडवायचंय. काळा राजा लांब आहे, तो मदतीला येऊ शकत नाही. म्हणजे झुंज एकट्या हत्तीची आहे, राजा आणि प्यादं या जोडीशी.

हत्तीकडे हत्यारं किती? मोजू या. पहिलं, प्याद्याच्या मागे सी पट्टीवर जाऊन बसायचं. मग प्यादं वजीर झालं तरी लगेच मारता येतं. दुसरं, प्यादं आणि राजा एका आडव्या रांगेत सापडले तर प्याद्याला जखडून टाकायचं, म्हणजे प्यादं हललं की राजाला शह बसेल, सबब ते हलूच शकत नाही. तिसरं, राजा आणि नवीन झालेला वजीर एका ओळीत सापडले तर राजाला शह द्यायचा. राजा बाजूला झाला की मागचा वजीर घ्यायचा. हत्तीने प्याद्याच्या बदल्यात स्वतःचा बळी दिला तरी दोन नुसते राजे उरतात, बरोबरी. काळ्याला तेवढं पुरतं.

ही तीन हत्यारं लक्षात ठेवा. पुढचं सगळं त्यांच्यावर चालणार आहे. कोडं सोडवण्याची पहिली पायरी हीच: चाली शोधण्याआधी समोरच्याला काय काय करता येतं याची यादी करायची. आपली मुलं 'मी काय करू' एवढंच विचारतात. 'त्याला काय हवंय' हे विचारत नाहीत.

पहिली चाल आणि राजाची पाच घरं

पहिली चाल सोपी आहे: प्यादं सी-७. आता पुढच्या चालीला ते वजीर होणार. हत्तीला एकच मार्ग आहे, शह. हत्ती डी-६ वर येतो आणि सहाव्या रांगेतून राजाला शह देतो.

आता राजाने कुठे जायचं? घरं पाच आहेत: ए-७, बी-७, ए-५, बी-५, सी-५. एकेक तपासू. हे कंटाळवाणं वाटेल, पण कोडी सोडवणं म्हणजे नव्वद टक्के हेच असतं.

राजा बी-७ वर गेला तर? दिसायला छान, प्याद्याच्या शेजारी. पण हत्ती डी-७ वर येतो. राजा बी-७, प्यादं सी-७, हत्ती डी-७, तिघं एका रांगेत. प्यादं जखडलं. राजा कुठेही सरकला की हत्ती प्यादं मारणार. बरोबरी. ए-७ वर गेला तरी तेच. म्हणजे सातवी रांग बाद.

राजा सी-५ वर गेला तर? इथे बरेच जण फसतात, कारण राजा हत्तीला धमकावतो असं दिसतं. पण हत्ती सरळ खाली डी-१ वर उतरतो. आता प्यादं वजीर झालं रे झालं की हत्ती सी-१ वरून शह देतो. राजा सी-५ वर, वजीर सी-८ वर, दोघे एकाच पट्टीत. राजाला बाजूला व्हावंच लागतं आणि वजीर फुकट जातो. तेव्हा काळा चक्क जिंकतो. म्हणून पांढऱ्याला वजीर करताच येत नाही, आणि मग हत्ती प्याद्याच्या मागे जाऊन बसतो. बरोबरी. म्हणजे सी पट्टीही बाद.

राजा ए-५ वर गेला तर? फार लांब गेला. हत्ती निवांत सी-६ वर येतो, प्याद्याच्या मागे. राजा बी-५ वर येऊन हाकलेल, तर हत्ती सी पट्टीवरच खाली सरकेल. पुन्हा बरोबरी.

उरलं एक घर, बी-५. इथून राजा सी-६ वर लक्ष ठेवतो, त्यामुळे हत्ती तिथे मागे बसू शकत नाही. राजा सातव्या रांगेत नाही, त्यामुळे प्यादं जखडत नाही. राजा सी पट्टीत नाही, त्यामुळे ती खालची शहही नाही. तिन्ही हत्यारं बोथट.

बघा, आपण बी-५ ही चाल 'शोधली' नाही. बाकीची चार घरं बाद केली आणि ही उरली. कोड्यात उत्तर बऱ्याचदा असंच सापडतं.

जिना

आता हत्तीला पुन्हा शहच द्यावा लागतो. शह थांबला की प्यादं वजीर होतं. हत्ती डी-५, शह. राजा बी-४. पुन्हा तेच तर्क: सी-४ वर गेला तर हत्ती डी-१ वर उतरतो, ए-४ वर गेला तर हत्ती सी-५ वर मागे बसतो. म्हणून बी-४. हत्ती डी-४, शह. राजा बी-३. हत्ती डी-३, शह.

पटावर बघा, दोघे शेजारशेजारच्या जिन्यावरून एकेक पायरी खाली उतरतायत. राजा बी पट्टीवर, मध्ये एक पट्टी सोडून हत्ती डी पट्टीवर. वर सी-७ ला प्यादं वाट बघत उभं आहे.

(इथे श्रोत्यांतल्या एका मुलीने विचारलं, "सर, डी-४ वरून शह दिला तेव्हा राजा सी-३ वर गेला तर नाही का चालणार? तिथून तो हत्तीला मारायला बघतो.")

चांगला प्रश्न. चालतं. हत्ती नेहमीप्रमाणे डी-१ वर पळेल, पण आता राजा इतका खाली आलाय की तो सी-२ वर येऊन डी-१ च्या हत्तीवर चालून जाईल. सी-१ वरचा शहही राजा मारेल. मग हत्तीला डी-४ वर परतावं लागतं आणि आपण अजून दोन मिनिटांनी जिथे पोचणार आहोत, त्याच स्थितीत येतो. म्हणजे वाट वेगळी, मुक्काम तोच. तुम्ही हे विचारलंत याचा अर्थ तुम्ही नियम पाठ केला नाही, तो का लागू होतो ते बघितलंत. सी पट्टी वाईट होती ती डी-१ मुळे. डी-१ राजाच्या टप्प्यात आलं की सी पट्टी वाईट राहत नाही.

आणि म्हणूनच, हत्ती डी-३ वर असताना पांढरा राजा आता सी-२ वर येतो. इतका वेळ टाळलेली सी पट्टी आता बरोबर आहे. हत्तीवर मार आहे. डी-१ किंवा डी-२ वर गेला तर राजा मारेल. सी-३ वरून शह दिला तरी राजा मारेल. काळ्याचे उपयोगी शह संपले.

जिंकलं का? १८९५ साली हे सोडवणाऱ्यांनी वाटेत इथवर येऊन श्वास सोडला असेल. पण काळ्याकडे एक चाल आहे.

कोपऱ्यातला सापळा

हत्ती डी-४ वर जातो. शह नाही, मार नाही, नुसता जाऊन उभा राहतो.

पांढरा अर्थातच प्यादं सी-८ वर नेऊन वजीर करतो. हत्ती सी-४ वर येऊन शह देतो. राजा आणि वजीर एका पट्टीत आहेत, तेव्हा राजा बाजूला झाला तर वजीर गेला. म्हणून वजिराने हत्ती मारायचा. मारा. वजीर सी-४ वर आला.

आता काळ्याच्या राजाकडे बघा. तो ए-१ वर आहे. बी-१ आणि बी-२ ही घरं सी-२ च्या राजाने धरलीत. ए-२ हे घर सी-४ च्या वजिराने तिरक्या रेषेत धरलंय: सी-४, बी-३, ए-२. राजाला शह नाही, पण हलायला घरही नाही. काळ्याकडे दुसरी सोंगटी नाही. याला कोंडी म्हणा, स्टेलमेट म्हणा. आजच्या नियमाने डाव बरोबरीत.

हत्ती डी-४ वरच का गेला, डी-५ वर का नाही, हेही इथे कळतं. डी-५ वर गेला असता तर शह सी-५ वरून बसला असता, वजिराने तिथे मारल्यावर ए-२ मोकळं राहिलं असतं, आणि कोंडी झाली नसती. सगळ्या डी पट्टीत हे एकच घर होतं. काळ्यानेही सुंदर खेळ केला आहे, हे मान्य करायला हवं. कोडं चांगलं तेव्हाच होतं जेव्हा दोन्ही बाजू जीव तोडून खेळतात.

पाद्रीबुवांचं उत्तर

थोडा इतिहास सांगतो. १८७५ मध्ये लंडनला पॉटर आणि फेंटन या दोघांच्या डावात याच धर्तीचा शेवट आला होता आणि डाव बरोबरीत सुटला होता. वीस वर्षांनी, १८९५ मध्ये, पॉटर वारले. ग्लासगोच्या एका साप्ताहिकात बार्बिये नावाचे गृहस्थ बुद्धिबळाचं सदर लिहायचे. त्यांनी त्या डावाची आठवण काढली आणि मग ही स्थिती कोडं म्हणून दिली. प्रश्न असा होता: काळ्याने खेळून बरोबरी करायची. उत्तर म्हणून त्यांनी आपण आत्ता पाहिलेली कोंडी छापली. वाचकांनी वाहवा केली असेल. उत्तर होतंच तसं देखणं.

ग्लासगोत तेव्हा एक स्पॅनिश पाद्री राहत होते, फर्नांडो सावेद्रा. खेळाडू म्हणून त्यांचं काही मोठं नाव नव्हतं. पण त्यांनी छापून आलेलं उत्तर पुन्हा एकदा तपासलं आणि कळवलं, पांढरा जिंकतो.

कसं? प्यादं सी-८ वर न्यायचं, पण वजीर मागायचा नाही. हत्ती मागायचा.

आता सगळं पुन्हा तपासा. काळ्याने तोच शह दिला, हत्ती सी-४, तर पांढरा हत्ती सी-८ वरून उतरून त्याला मारतो. हत्ती तिरका चालत नाही. ए-२ मोकळं आहे. कोंडी नाही. काळा राजा ए-२ वर येतो, पांढरा हत्ती ए-४ वर जाऊन शह देतो आणि तीच मात. बी-१, बी-२, बी-३ राजाने धरलीत. ए-१, ए-३ हत्तीने.

पण नुसता हत्ती विरुद्ध हत्ती म्हणजे बरोबरी ना? एरवी हो. इथे नाही, कारण पांढऱ्याची धमकी आहे: हत्ती ए-८ वर जाऊन ए पट्टीत शह, आणि कोपऱ्यातल्या राजाला पळायला जागा नाही. ती अडवायला काळ्याला हत्ती ए-४ वर न्यावाच लागतो. मग पांढरा राजा बी-३ वर येतो. एका चालीत दोन कामं: ए-४ च्या हत्तीवर मार, आणि शिवाय सी-१ वर हत्ती नेऊन मात करण्याची धमकी. काळा हत्ती वाचवायला पळाला तर मात. मात टाळली तर हत्ती गेला, आणि हत्ती विरुद्ध एकटा राजा हा जिंकलेला डाव. काळ्याला सुटका नाही.

पुढे लोकांनी प्यादं सी-७ वरून एक घर मागे, सी-६ वर ठेवलं आणि चाल पांढऱ्याला दिली, म्हणजे 'पांढरा जिंकतो' असं कोडं नीट मांडता आलं. आज जगभर या स्थितीला सावेद्राचंच नाव आहे. ते १९२२ मध्ये वारले. बुद्धिबळाच्या इतिहासात त्यांच्या नावावर जवळपास एवढीच एक चाल आहे, आणि ती पुरेशी आहे.

चूक कुठे होती?

बार्बिये काही अडाणी नव्हते. मग त्यांना दिसलं का नाही? कारण 'प्यादं शेवटच्या घरात गेलं की वजीर' हे आपण विचार न करता करतो. वजीर सगळ्यात बलवान, तर तोच घ्यायचा, यात विचार कसला? पण इथे वजिराचं बळच आड येतं. तो एक घर जास्त धरतो, ए-२, आणि त्या एका घरापायी डाव जातो. हत्ती कमी धरतो म्हणून जिंकतो.

खारभूमीतल्या माणसाला हे वेगळं सांगायला नको. बांध घालताना उघाडी ठेवावी लागते. पाणी जायला वाटच ठेवली नाही तर पावसाळ्यात आतलं पाणी तुंबतं आणि पीक जातं. समोरच्याला पूर्ण कोंडणं हे नेहमी फायद्याचं नसतं. एक घर मोकळं ठेवायचं, पण ते कुठलं हे आपण ठरवायचं.

अजून एक गोष्ट पाहा. काळ्याला वाचवत होता तो कोपरा. राजा ए-१ वर होता म्हणून कोंडीची आशा होती. आणि त्याला मारणाराही तोच कोपरा. राजा ए-१ वर होता म्हणून ए-८ वरून मात होत होती. हत्तीची चाल दोन्ही गोष्टी एकदम करते: आशा काढून घेते आणि धोका तसाच ठेवते.

आपल्या जुन्या नियमांत हे कोडं बसलं असतं का?

हा प्रश्न मला फार आवडतो. आपल्याकडे जुन्या देशी पद्धतीत प्यादं शेवटच्या रांगेत पोचलं की ते हवं ते होत नसे. ज्या मोहऱ्याच्या पट्टीत पोचेल तो मोहरा व्हायचं. हत्तीच्या पट्टीत हत्ती, घोड्याच्या पट्टीत घोडा. भागाभागांत बारीक फरक होते, पण सर्वसाधारण रीत ही. सी पट्टी कुणाची? उंटाची. म्हणजे आपल्या आजोबा-पणजोबांच्या पटावर हे प्यादं सी-८ वर उंट झालं असतं. राजा-उंट विरुद्ध राजा-हत्ती. जिंकण्याची बातच नाही. कोडंच नाहीसं झालं.

कोंडीचा नियमही सगळीकडे, सगळ्या काळात एक नव्हता. खुद्द इंग्लंडात एके काळी कोंडी करणाराच हरला असं धरत.

म्हणून १८१४ साली मुंबईत छापलेल्या एका पुस्तकाचं महत्त्व वाटतं. त्रिवेंगडाचार्य शास्त्री या दक्षिणेतल्या विद्वानाचं ते पुस्तक. मूळ संस्कृत, आणि त्याचा इंग्रजी अवतार मुंबईत निघाला. त्यात निवडक स्थिती दिल्यात, शिकणाऱ्याने सोडवाव्यात अशा. आणि पुस्तकाच्या नावातच म्हटलंय की हे युरोपीय पद्धतीच्या खेळाला अनुसरून केलेलं आहे. आपल्याकडे प्यादेमात, म्हणजे प्याद्याने दिलेली मात, मोठ्या मानाची समजली जायची. मोठं हत्यार हाताशी असताना लहानाने काम करून दाखवण्यात आपल्या लोकांना गोडी होती. वजिराऐवजी हत्ती मागणाऱ्या पाद्रीबुवांची चाल त्या लोकांना नक्की कळली असती.

यातून घ्यायची गोष्ट एवढीच: कोड्याचं उत्तर नियमांवर उभं असतं. हे आख्खं कोडं दोन नियमांवर तोललेलं आहे. प्यादं हवं ते होऊ शकतं हा एक, आणि कोंडी म्हणजे बरोबरी हा दुसरा. म्हणून अडलात की चाली पुन्हा मोजण्याआधी नियम पुन्हा मोजा. मला काय काय करायची मुभा आहे? त्यातली कुठली मी विसरलोय?

कॉम्प्युटर आहे ना, मग कशाला?

हा प्रश्न येणारच. खरं आहे. पटावर सात किंवा त्याहून कमी सोंगट्या असल्या तर आज कॉम्प्युटरला विचार करावाच लागत नाही. अशा सगळ्या स्थिती शेवटापासून मागे मोजत आधीच काढून ठेवल्यात. २०१२ मध्ये मॉस्को विद्यापीठाच्या महासंगणकावर सात सोंगट्यांचं काम पूर्ण झालं. साठा सुमारे १४० टेराबाइट. त्यात अशाही स्थिती निघाल्या की दोन्ही बाजू अचूक खेळल्या तर मात व्हायला पाचशेहून जास्त चाली लागतात. कुठल्याही माणसाला त्या चालींचा अर्थ सांगता येत नाही.

आपल्या चार सोंगट्यांच्या कोड्याला फोनवर क्षणात उत्तर मिळतं: 'पांढरा जिंकतो'. पण दिव्याच्या समोर बाटुमीत फोन नव्हता. तुमच्या मुलीसमोर शालेय स्पर्धेत फोन नसणार. तिथे लागतं ते उत्तर नाही, उत्तरापर्यंत जायची सवय. आणि ती सवय उसनी मिळत नाही.

आता गावातल्या पालकांसाठी थोडं रोखठोक बोलतो. शहरात मुलं महागडे क्लास लावतात, डावाच्या सुरुवातीच्या वीस-वीस चाली पाठ करतात. ते सगळं सतत बदलत असतं, त्याला पैसा लागतो, चांगला शिक्षक लागतो. गडबमधून त्यासाठी रोज हायवेने पनवेल-मुंबई करणं किती घरांना परवडेल? शेवटाचा अभ्यास मात्र बदलत नाही. १८९५ चं उत्तर आजही तेच आहे. त्याला एक पट, चार सोंगट्या आणि एक वही लागते. दोन मुलं समोरासमोर बसली की झालं: एकाने जिंकायचं, दुसऱ्याने वाचवायचं, मग बाजू बदलायच्या. गावातलं मूल शहरातल्या मुलाच्या बरोबरीने, किंबहुना पुढे, जाऊ शकेल अशी जागा या खेळात कुठे असेल तर ती इथे आहे.

आणि मुलांनो, तुम्हाला एक सांगतो. समोरच्याने 'बरोबरी?' म्हणून हात पुढे केला की लगेच हात देऊ नका. अर्धा गुण चांगला असतो, पण तो घेण्याआधी एकदा विचारा, मला अजून काय काय करता येतं? ती सगळी घरं तपासून झाली, आणि तरी काही निघालं नाही, तर खुशाल हात मिळवा.

घरचा अभ्यास

दोन प्रश्न देतो.

पहिला: सगळं तसंच ठेवा, फक्त काळा राजा ए-१ वरून उचलून समोरच्या कोपऱ्यात, एच-१ वर ठेवा. त्याच जिन्याने उतरा. हत्ती डी-४ वर गेला. आता सी-८ वर काय मागाल, वजीर की हत्ती? आणि का?

दुसरा: मूळ स्थितीत शेवटी पांढऱ्याने हत्ती मागितल्यावर काळा हत्ती ए-४ वर गेला, आणि पांढरा राजा बी-३ ऐवजी चुकून दुसरीकडे गेला. मग काय होईल?

पहिल्याचं उत्तर इथेच सांगून टाकतो, कारण त्यात आजचं सगळं व्याख्यान आहे. वजीर मागायचा. राजा एच-१ वर असला की कोंडी होत नाही, वजिराने हत्ती मारला की डाव संपला. उलट तिथे हत्ती मागितलात तर ए-८ ची धमकीही उरत नाही आणि हत्ती विरुद्ध हत्ती, बरोबरी. म्हणजे 'सी-८ वर हत्ती मागावा' हा काही मंत्र नाही. एक राजा एका कोपऱ्यातून दुसऱ्या कोपऱ्यात गेला आणि उत्तर उलटलं. जो पाठ करून येईल तो दुसऱ्या पटावर फसेल. जो दर वेळी घरं मोजेल त्याला दोन्ही पट सुटतील.

दुसऱ्याचं उत्तर तुम्ही काढा. पट इथे मांडलेला ठेवलाय, बसा.